घाबरणं आणि घाबरायला होणं

या खेपेला टपालात पथ्यपाणी विचारणारी पत्रं कमी आणि डॉक्टर होऊ घातलेल्यांची, त्यांच्या आयांची, आजोबांची जास्त. मी ठाण्याच्या नौपाड्यात दवाखाना चालवते, ३० वर्षं होऊन गेली. मानसशास्त्र शिकलेली नाही, तेव्हा उत्तरं दवाखान्यातल्या स्टुलावर बसून द्यावीत तशीच आहेत.

प्रश्न : मी मुरबाड तालुक्यातल्या एका गावातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. ठाण्यात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. ॲनाटॉमीच्या व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हाड हातात होतं, सगळं येत होतं, पण तोंडातून इंग्रजी फुटेना. सर 'नेक्स्ट' म्हणाले. पहिल्या इंटर्नलला दोन विषयांत नापास. रूममेट दिल्लीचा, आईवडील दोघं डॉक्टर. मी चुकून इथे आलोय असं रोज वाटतं. — प्रथम वर्ष, ठाणे

हाड कोणतं होतं ते लिहिलं नाहीस. मी पटेला धरून चालते.

पटेला हा लॅटिन शब्द. अर्थ काय, तर छोटं पसरट भांडं. तुझी आजी त्याला काय म्हणते? गुडघ्याची वाटी. गळ्याखालचं आडवं हाड क्लॅव्हिकल, म्हणजे छोटी किल्ली. नडगीचं हाड टिबिया, म्हणजे बासरी. कानातली कॉक्लिया म्हणजे गोगलगाय. कानातल्याच तीन हाडांची नावं, मॅलियस, इन्कस, स्टेपीस, ही हातोडी, ऐरण आणि रिकीब. ती तर तू शाळेच्या पुस्तकात मराठीतूनच पाठ केलीस. मायग्रेन हा शब्द मुळात ग्रीक 'हेमिक्रेनिया'वरून आला, म्हणजे अर्धी कवटी. आपल्याकडे बायका कधीपासून अर्धशिशी म्हणतायत. नावं ठेवणारी ती माणसं स्वयंपाकघरात, लोहाराकडे आणि घोड्यावर वावरणारीच होती रे. त्यांनी समोर दिसलं ते म्हटलं. तुला ते आधीच येतं, फक्त त्याचं कागदावरचं नाव शिकायचंय.

मी १९८४ साली मेडिकलला गेले. तेव्हा बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळे आणि पहिलं वर्ष दीड वर्षाचं असे. ठाण्याच्या मराठी शाळेतली मुलगी, केसांना तेल, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत हाडांचा अर्धा सेट. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकून बसले की फीमरचं, म्हणजे मांडीच्या हाडाचं, टोक पिशवीतून बाहेर डोकवायचं. एकदा दारातल्या कोळणीने विचारलं, "काय गं, मटणाचं हाड कोणाला नेतेस एवढं मोठं?" मी खरं सांगितलं. अख्खा डबा दोन मिनिटं चिडीचूप, मग मला खिडकीची जागा मिळाली. ती मला मेडिकलमुळे मिळालेली पहिली सवलत. तेव्हा माझंही इंग्रजी वाचण्यापुरतंच होतं. मी घरी गच्चीत जाऊन पाण्याच्या टाकीला उत्तरं सांगायचे. मोठ्याने. व्हायव्हा ही तोंडाची परीक्षा आहे आणि तू तिची तयारी डोळ्यांनी करतोयस. रोज १५ मिनिटं भिंतीशी बोल, लाज बाळगू नकोस. दोन विषयांचं निघून जाईल, इंटर्नल आहे ती.

खरं सांगायचंय ते पुढच्या वर्षाबद्दल.

दुसऱ्या वर्षी वॉर्डात पोस्टिंग लागेल आणि हिस्टरी, म्हणजे आजाराची हकीकत, घ्यायला शिकवतील. त्यातला पहिला नियम असा की मुख्य तक्रार रुग्णाच्या शब्दांत लिहायची, किती दिवसांपासून ते लिहायचं, आणि आपलं निदान तिथे घुसडायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. आता तुझा रूममेट कॉटपाशी उभा आहे आणि शहापूरची बाई सांगतेय, "उन्हाळी लागलीय." त्याला वाटेल, ऊन लागलं. तुला माहीत आहे की लघवीला जळजळतंय. "अंगावरून जातंय" म्हणजे काय, "बाहेरची आहे" म्हणजे काय, "परसाकडे पातळ होतंय" म्हणजे काय. चक्कर वेगळी, घेरी वेगळी, भोवळ वेगळी, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते ती आणखी वेगळी. ठणका, कळ, चमक, मुरडा, जळजळ, सगळ्याला इंग्रजीत 'पेन'. रुग्णाने अर्धं निदान करून तुझ्या हातात दिलेलं असतं आणि ते भाषांतरात सांडतं.

माझ्याकडून सांडलंय. ते सांगते.

१९८९. इंटर्नशिप, कॅज्युअल्टीची रात्रपाळी. पन्नाशीची एक बाई आली, मासळी विकणारी. म्हणाली, "डॉक्टर, घाबरायला होतंय." तोपर्यंत माझं इंग्रजी फार सुधारलं होतं, तेवढाच काय तो गुन्हा. मी केस पेपरवर लिहिलं, 'नर्व्हसनेस'. मग विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का?" तिचा नवरा पितो, मुलगी नांदत नाही. टेन्शन कोणाला नसतं? ती हो म्हणाली. "पोटात जळजळतंय का?" त्यालाही हो. डॉक्टरांनी विचारलंय म्हटल्यावर आपली माणसं कशाला नाही म्हणतील? अँटासिडचं औषध पाजलं, पाठीवर हात ठेवून सांगितलं, घाबरू नका. मोठी समजूतदार डॉक्टर झाल्यासारखं वाटत होतं मला.

सिस्टर वयाने मोठ्या होत्या. ट्रे घेऊन जाता जाता त्यांनी तिचा हात धरला आणि मला म्हणाल्या, "हात बर्फ झालाय हिचा. घाम बघा. घाबरते कुठे ती, तिला घाबरायला होतंय." ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. छातीत कळ अशी नव्हतीच, पोटाच्या वर दाटून येत होतं, मळमळत होतं. बायकांमध्ये असं पुष्कळदा होतं आणि ते मी परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

ती रात्र ती वाचली. पुढचं मला माहीत नाही, वॉर्डात हलवल्यावर माझी ड्युटी बदलली. पण 'घाबरणं' आणि 'घाबरायला होणं' यांतलं अंतर मी लहानपणापासून घरात ऐकत आले होते. माझी आजी देवघरात बसल्या बसल्या म्हणायची, "जीव घाबरा होतोय, खिडकी उघड." पांढरा कोट घातला आणि मी ते दारात काढून ठेवलं, चपलेसारखं. शिवाय मी प्रश्नातच उत्तर घातलं होतं. टेन्शन आहे का, जळजळतंय का. "काय होतंय ते सांगा" एवढं म्हणून अर्धा मिनिट गप्प बसायला हवं होतं. मला अजूनही ते अर्धं मिनिट जड जातं, खोटं कशाला बोलू.

तर दिल्लीच्या मुलाशी सौदा कर. त्याला रोज दहा मराठी वाक्यं शिकव, वॉर्डातली. त्याने तुझी रोज दहा मिनिटं इंग्रजीतून व्हायव्हा घ्यावी. ऑल इंडिया कोट्यातून आलेल्या मुलांना ठाण्याच्या ओपीडीत मराठीवाचून फार हाल काढावे लागतात. दुसऱ्या वर्षी तो तुला शोधत येईल, बघ.

प्रश्न : माझी मुलगी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिच्यासमोर वॉर्डात पहिल्यांदा एक आजोबा गेले. घरी आली, दोन थालीपिठं खाल्ली आणि मोबाइल घेऊन बसली. मी विचारलं, "खूप वाईट वाटलं ना तुला?" तर "ठीक आहे" म्हणाली. डिसेक्शनबद्दलही, म्हणजे मृतदेह चिरून शिकतात त्याबद्दलही, हसून बोलते. पूर्वी मांजराचं पिल्लू मेलं तरी दोन दिवस जेवत नव्हती. पोरगी दगड होत चाललीय का? — एक आई, कोपरखैरणे

दगड थालीपीठ खात नाहीत. भूक लागली, खाल्लं, बरं झालं.

हसण्याचं म्हणाल तर डिसेक्शन हॉलमध्ये आम्हीही हसायचो. देह टिकवायच्या फॉर्मॅलिनने डोळ्यांतून पाणी वाहत असायचं आणि त्यातच विनोद. तो विनोद देहावर नसतो, बहुतेक वेळा स्वतःच्या भीतीवर असतो. आता पुष्कळ कॉलेजांत पहिल्याच दिवशी मुलांकडून देहाचा मान राखण्याची शपथ घेतात, आमच्या वेळी तसं काही नव्हतं. एक मात्र विचारून बघा : तिच्या टेबलावरच्या देहाला ती काय म्हणते? 'आमचे आजोबा', 'आमची आजी' असं काही म्हणत असेल तर निर्धास्त राहा.

माझ्यासमोर पहिला माणूस गेला तेव्हा मी ठाण्याला उतरून स्टेशनबाहेर भेळ खाल्ली. सगळी. कागदही चाटला असेल. घरी आई मेथी निवडत बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, काही विचारलं नाही, अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. मी निवडायला लागले. दुसरी जुडी संपत आली तेव्हा मीच म्हणाले, "त्यांचा चष्मा उशाशीच राहिला." एवढंच. मग रडले. आई म्हणाली, "देठं वेगळी काढ."

तुमच्या प्रश्नाकडे बघा. "खूप वाईट वाटलं ना?" याचं उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत, तिला फक्त सही करायची उरली. तिला वाईटच वाटलं असेल असं कशावरून? कदाचित काहीच वाटलं नसेल आणि काहीच वाटलं नाही याचीच तिला भीती वाटत असेल. कदाचित राग आला असेल. नातेवाईक उशिरा आले, कोणीतरी बेडशीट ओढलं, काहीही. तिचे हात कशात तरी गुंतवा, डोळ्यांत डोळे घालून बसू नका, आणि "आज वॉर्डात काय काय झालं?" एवढं विचारून स्वस्थ बसा. ऐरोलीपासून कोपरखैरणेपर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून आलेली मुलगी दारातच बोलेल अशी अपेक्षा करू नका.

एका बाबतीत मात्र आडून आडून विचारायचं नाही. झोप उडालीय, जेवण सुटलंय, मैत्रिणी सुटल्या, आंघोळीचाही कंटाळा, असं दोन आठवडे दिसलं तर सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का? मरावंसं वाटतं का?" हा प्रश्न विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, हे नक्की झालेलं आहे. मेडिकलच्या मुलांना स्वतःसाठी डॉक्टर गाठायची फार लाज वाटते. सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, १४४१६ या नंबरवर, फुकट, रात्री-अपरात्रीही, मराठीत बोलतात. नंबर फ्रिजवर लावून ठेवा. कोणासाठी लावलाय ते सांगायची गरज नाही.

प्रश्न : नातवाने 'नीट', मेडिकलची प्रवेश परीक्षा, दोनदा दिली. यंदा नको म्हणतो, कॉमर्सला जायचंय म्हणे. माझं म्हणणं, मेडिकलला गेलं की माणूस घडतो, जबाबदारी येते. आनंदीबाई जोशी इथल्या कल्याणच्या. त्या काळात अमेरिकेला गेल्या, आणि याला कोपऱ्यावरच्या अभ्यासिकेत जायला जिवावर येतं. तिसऱ्यांदा बसवावं ना? — एक आजोबा, वाशी

नाही.

काका, आनंदीबाईंना यात ओढू नका. शाळेत असताना मीही त्यांच्यावर भाषण ठोकून कंपास पेटी मिळवली होती, त्यामुळे तुमचा मोह कळतो. पण १४ व्या वर्षी त्यांचं दहा दिवसांचं बाळ गेलं. नवऱ्याचा हट्ट होता हे खरंच, तरी डॉक्टर व्हायला त्यांच्याजवळ स्वतःचं कारण होतं. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात पदवी घेतली, ती घेताना प्रबंध लिहिला तोही बाळंतपणावर, आणि पुढच्या फेब्रुवारीत गेल्या. २२ वर्षंही पुरी झाली नव्हती. तुमच्या नातवाकडे आहे ते कारण तुमचं आहे.

आणि माणूस घडतो म्हणता, तर माझ्या बॅचमध्ये जे आपमतलबी आले ते आपमतलबी डॉक्टर झाले. साडेचार वर्षं, वर वर्षभर इंटर्नशिप, पुढे तीन वर्षं पीजी. एवढा काळ कोणी बॅंकेत किंवा किराणा दुकानात काढला तरी काहीतरी घडणारच. कॉमर्सच का, हे त्याला एकदा विचारा, आणि विचारताना "उगाच मित्रांच्या नादाने ना?" असं शेपूट लावू नका.

प्रश्न : मी इंटर्न आहे. वॉर्डात दोन रुग्णांचं एकच आडनाव. ब्लड ग्रुपिंगसाठी दोघांचं रक्त घेतलं आणि लेबलं काउंटरवर येऊन लावली. अदलाबदल झाली. एकाचा ग्रुप आधीच्या नोंदीशी जुळेना म्हणून ब्लड बँकेने पकडलं, कोणाला काही झालं नाही. पण सिनिअरने नातेवाइकांसमोर "डॉक्टर व्हायच्या लायकीचा नाहीस" म्हणून ओरडून काढलं. सहा रात्री झोप नाही. सोडून द्यावं असं वाटतं. — एक इंटर्न, ठाणे जिल्हा

दोन वेगळ्या गोष्टींची तू एकच गोळी करून गिळलीस, म्हणून पचत नाहीये.

सिनिअर चुकला. नातेवाइकांसमोर लायकी काढणं हे शिकवणं नव्हे. त्याच्याही बाबतीत कोणीतरी तेच केलं असणार, ही त्याची सबब झाली, तुझी डोकेदुखी नव्हे. शांत झाल्यावर युनिटच्या मॅडमना किंवा सरांना सांग.

पण सिनिअर चुकला म्हणून तुझी चूक लहान होत नाही. चुकीच्या गटाचं रक्त थोडंसं गेलं तरी माणूस मरू शकतो. तू झोपला नाहीस हे मला वाईट वाटत नाही, फक्त सहा रात्री फार झाल्या. आता ही चूक उद्या कशी होणार नाही तेवढं बघ. ट्यूबवर लेबल कॉटपाशीच लावायचं, रक्त घेतल्या घेतल्या, त्याच माणसासमोर, पुढच्या कॉटकडे वळायच्या आधी. आगाऊ नाही, काउंटरवर जाऊन नाही. आणि "पाटील तुम्हीच ना?" असं विचारायचं नाही. ठाण्याच्या कुठल्याही वॉर्डात पाटील म्हटलं की चार माना वळतात. भोईर, म्हात्रे, तीच गत. त्यात रुग्ण अर्धवट झोपेत, समोर कोटवाला डॉक्टर, तो "हो" म्हणणारच. "तुमचं पूर्ण नाव सांगा, वडिलांच्या नावासकट" असं म्हणायचं आणि तो सांगेल ते केस पेपरशी, हातावरच्या पट्टीशी ताडून बघायचं. चार सेकंद जास्त लागतात.

त्या दोघांना जाऊन भेटलास का? पत्रात तसं काही नाही. मॅडमना सांगून, त्यांच्याबरोबर जा. सांग की नमुन्यांची चूक झाली होती, वेळेत सापडली, म्हणून दुसऱ्यांदा सुई टोचली. शिव्या बसतील कदाचित. सोडायचं की नाही ते त्यानंतर ठरव. आणि आज रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोप.

प्रश्न : वय ६८. डॉक्टरांसमोर गेलं की सांगायचं ते सगळं विसरते आणि घरी आल्यावर आठवतं. डॉक्टरही पहिल्या वाक्यालाच तोडतात. काय करावं? — ब्राह्मण सोसायटी, ठाणे

तोडतो हे कबूल. माझ्या दवाखान्यातही बाहेर २० माणसं बसली की माझा हात आपोआप पेनाकडे जातो.

आदल्या रात्री कागदावर लिहून आणा. तीनच ओळी : काय होतंय, कधीपासून, कशाने वाढतं. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, "ती गुलाबी गोळी" असं सांगू नका. आणि ताई, एक उपकार करा. "ॲसिडिटी झालीय", "गॅस फिरतोय", "बीपी वाढलंय" हे शब्द घरी ठेवून या. आम्ही प्रश्नात उत्तर घालतो तसं तुम्ही तक्रारीत निदान घालून आणता. मग मी त्याच निदानावर औषध लिहून मोकळी होते आणि तुम्ही आठ दिवसांनी परत येता. पोटात गोळा उठतो म्हणा, घास अडतो म्हणा, जिना चढताना दोन वेळा थांबावं लागतं म्हणा. आईशी बोलताना जे शब्द वापरले असते ते वापरा. मला समजले नाहीत तर मी विचारीन.

एवढं सगळं लिहून काढत असताना घाबरायला होऊ लागलं, घाम सुटला, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर कागद राहू द्या. दार आतून लावलेलं असेल तर उघडून ठेवा, शेजारच्यांना हाक मारा आणि १०८ ला फोन करा.